सरकारी अनुदान की कंपनीचा करार? प्रायोजित संशोधनाचे कागद शेजारी ठेवून वाचताना

प्रकल्प तोच, प्रयोगशाळा तीच, माणसंही तीच. पैसा मात्र दोन दारांनी येऊ शकतो: सरकारी निधीसंस्थेचं अनुदान किंवा एखाद्या कंपनीशी केलेला संशोधन करार. निवडायची वेळ आली की बहुतेकांची तुलना रकमेपासून सुरू होते आणि रकमेपाशीच संपते. कंपनीचा पैसा लवकर हातात पडतो, प्रस्ताव चार-सहा पानांत आटोपतो, समीक्षकांच्या शेऱ्यांना उत्तरं देत बसावं लागत नाही. अनुदानाचं सगळं नेमकं उलट.

मी मात्र दोन्ही मसुदे हातात आले की रकमेचं पान उलटून पुढे जातो आणि आधी एकच गोष्ट शोधतो. निष्कर्ष पैसे देणाऱ्याला नको तसा निघाला, तर त्या दिवशी कोणाला काय करता येईल? या प्रश्नाचं उत्तर कुठल्या तरी कलमात दडलेलं असतंच. बाकीची तुलना त्यानंतर.

छापायचा हक्क कोणाचा

सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या बेटी डाँग यांनी 1987मध्ये सिंथ्रॉइड या थायरॉइडच्या गोळीच्या उत्पादकाकडून पैसे घेऊन एक अभ्यास हाती घेतला. ही गोळी आणि तिच्यापेक्षा स्वस्त गोळ्या शरीरात सारखंच काम करतात का, एवढाच प्रश्न होता. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय निष्कर्ष प्रसिद्ध करायचे नाहीत, असं करारात एक वाक्य होतं. 1990पर्यंत काम संपलं आणि सगळ्या गोळ्या सारख्याच असल्याचं दिसलं. साहजिकच हे उत्तर महाग गोळी विकणाऱ्याला परवडणारं नव्हतं. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाने लेख स्वीकारला, छापायची तारीखही ठरली. तेवढ्यात, जानेवारी 1995मध्ये, कंपनीने (तोवर ती बूट्स झाली होती) कराराकडे बोट दाखवलं. विद्यापीठाच्या वकिलांनी, खटला झाला तर तुमचा बचाव तुम्हालाच करावा लागेल, असं सांगितलं. लेख मागे घ्यावा लागला आणि छापून यायला एप्रिल 1997 उजाडला.

ते एक वाक्य आजही मसुद्यांत येतं, फक्त कपडे बदलून. म्हणून दोन शब्दप्रयोगांतला फरक नीट पाहा. ‘प्रायोजकाला लेख आधी वाचायला द्यावा’ हे चालतं. ‘प्रायोजकाच्या संमतीने प्रसिद्ध करावा’ हे चालत नाही. पहिल्यात कंपनी तिची गोपनीय माहिती चुकून बाहेर जाते आहे का ते पाहू शकते आणि पेटंटचा अर्ज करायला वेळ मागू शकते. दुसऱ्यात ती लेख कायमचा अडवू शकते. वाचायला साधारण 30 दिवस, पेटंटसाठी आणखी 60 ते 90 दिवस, एवढी मुदत बहुतेक विद्यापीठं मान्य करतात. मुदतीत उत्तर आलं नाही तर हरकत नाही असं समजलं जाईल, हे वाक्य आपल्या बाजूने घालून घ्यावं. ते नसेल तर कंपनीचा अधिकारी रजेवर गेला म्हणूनही लेख अडकतो.

अनुदानात हा अडसर सहसा नसतो. तिथे बंधन उलट्या दिशेचं असतं. छापाच, शक्य तर सर्वांना मोफत वाचता येईल असं छापा, डेटाही ठेवा. डेटा कुठे, किती वर्षं आणि कोणाला उपलब्ध ठेवणार याची योजना अनेक निधीसंस्था अर्जासोबतच मागतात. पाच वर्षांनी कोणी डेटा मागितला आणि तो एखाद्या सोडून गेलेल्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवरच होता, तर आपण अट मोडलेली असते.

अमेरिकेत याला आणखी एक पदर आहे. 1985च्या एका राष्ट्रीय धोरणानुसार, ज्याचे निष्कर्ष सर्वांसाठी प्रसिद्ध होतात ते मूलभूत संशोधन मानून निर्यात नियंत्रणाच्या (संवेदनशील तंत्रज्ञान परदेशी हातांत जाऊ नये म्हणून केलेल्या नियमांच्या) जाचातून सुटतं. प्रकाशनावर प्रायोजकाचं बंधन मान्य केलं की ही सूट धोक्यात येते. मग प्रयोगशाळेतल्या परदेशी विद्यार्थ्याला त्या कामात सामील करण्यासाठीही परवानगी लागू शकते. कंपनीशी बोलताना हा मुद्दा फार उपयोगी पडतो: ‘आम्ही अडवत नाही, पण कायदा अडवतो’ म्हटलं की समोरचा वकील लवकर नमतो.

माणसांवर प्रयोग असेल तर

इथे तुलना थोडी कडक करावी लागते. टोरंटोतल्या आजारी मुलांच्या रुग्णालयात नॅन्सी ऑलिव्हिएरी थॅलेसेमियाच्या रुग्णांवर डेफेरिप्रोन या औषधाचा अभ्यास करत होत्या आणि त्याला ॲपोटेक्स या औषध कंपनीचा पैसा होता. औषधाविषयी शंका आल्यावर त्यांनी नैतिकता समितीला कळवलं. समितीने रुग्णांना सांगायला सांगितलं. कंपनीला त्यांचा निष्कर्ष मान्य नव्हता. मे 1996मध्ये तिने चाचण्या थांबवल्या आणि गोपनीयतेच्या कलमावर बोट ठेवून कायदेशीर कारवाईचा इशारा दिला. औषधाबद्दलचा शास्त्रीय वाद पुढे बरीच वर्षं चालला, त्यात मी पडत नाही. करार करणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की समिती एक सांगते आणि कागद दुसरं सांगतो, अशा कात्रीत एकटा संशोधक सापडला.

नैतिकता समितीची मंजुरी मिळाली म्हणजे करारही तपासला गेला, असा समज सर्रास आढळतो. समिती संमतिपत्रक पाहते, जोखीम पाहते. कराराचा मसुदा तिच्यापुढे येतोच असं नाही. तेव्हा रुग्णाच्या सुरक्षेशी संबंधित माहिती रुग्ण, समिती आणि औषध नियामक यांना केव्हाही, कोणाची परवानगी न घेता देता येईल, हे कलम करारात स्वतंत्र लिहून घ्यावं. कंपनी याला नकार देत असेल तर तो करार करू नये. अनुदान मिळेपर्यंत वाट पाहिलेली बरी.

हिशेब आणि हप्ते

अनुदानाचा पैसा शीर्षनिहाय मंजूर होतो. उपकरणाच्या शीर्षातला पैसा मनुष्यबळावर वळवायचा तर बहुतेक वेळा आधी परवानगी लागते. खर्चाची पावती, विनियोगाचं प्रमाणपत्र, ऑडिट, शिल्लक रक्कम परत. कंटाळवाणं असतं खरं. पण त्या बदल्यात आपण फक्त काम प्रामाणिकपणे करण्याचं वचन दिलेलं असतं. गृहीतक चुकीचं ठरलं म्हणून कोणी पैसे परत मागत नाही.

कंपनीच्या करारात दोन तऱ्हा असतात. एकात प्रत्यक्ष झालेला खर्च भरून मिळतो. दुसऱ्यात ठरावीक रक्कम ठरते: काम स्वस्तात झालं तर उरलेलं बहुधा आपल्याकडे राहतं, महागात पडलं तर भुर्दंडही आपलाच. ज्या कामाचा वेळ आणि साहित्य नेमकं सांगता येतं, उदाहरणार्थ ठरलेल्या पद्धतीने नमुने तपासून देणं, तिथे ठरावीक रक्कम ठीक आहे. खऱ्या अर्थाने नव्या प्रश्नाला ती घेऊ नये. हप्ता कशावर मिळतो तेही पाहावं. ‘समाधानकारक अहवाल मिळाल्यावर’ असं लिहिलं असेल तर समाधान कोणाचं, हे विचारावं लागतं. ‘अहवाल सादर केल्यावर’ असं बदलून घ्यावं.

ओव्हरहेडवरून, म्हणजे प्रकल्पाच्या पैशातून विद्यापीठ घेतं त्या हिश्शावरून, दोन्हीकडे कुरकुर असते. कंपनीला तो विद्यापीठाचा नफा वाटतो, प्राध्यापकाला आपल्या पैशातली कपात. वीज, ग्रंथालय, लेखा विभाग आणि ती नैतिकता समितीसुद्धा त्यातूनच चालते, एवढं सांगून पुढे जावं.

शोध लागला तर

पेटंटच्या बाबतीत अनुदान सोपं असतं, असा समज आहे. तो अर्धाच खरा. अमेरिकेतल्या 1980च्या बे-डोल कायद्याने सरकारी पैशातून झालेल्या शोधाचे हक्क विद्यापीठाला स्वतःकडे ठेवता येऊ लागले. त्यामुळे शोध आपोआप विद्यापीठाचाच होतो, असं स्टॅनफर्डने धरलं होतं. त्यांचे संशोधक मार्क होलोडनी यांनी विद्यापीठाला लिहून दिलं होतं की आपण हक्क देण्यास राजी आहोत. पुढे 1989मध्ये पीसीआर (डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याचं तंत्र) शिकायला ते सीटस या कंपनीत जाऊ लागले आणि तिथल्या कागदावर सही केली. त्या कागदात हक्क याद्वारे देत आहोत, असं होतं. एक नंतर देण्याचं वचन, दुसरं तिथल्या तिथे देऊन टाकणं. सीटसचा पीसीआरचा व्यवसाय रोश या औषध कंपनीने घेतला, शोध कोणाचा हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 2011मध्ये स्टॅनफर्ड हरलं. तो कागद तिथे जाणाऱ्या प्रत्येकाकडून घेतला जाणारा, नेहमीचा वाटावा असा होता.

यातून निवड करणाऱ्याला दोन गोष्टी घेता येतात. एक, मुख्य करार कितीही चांगला असला तरी प्रयोगशाळेतल्या कोणी बाहेर जाऊन काय सही केलं, हे माहीत हवं. दुसरी जास्त नडणारी आहे: अनुदान आणि कंपनीचा पैसा एकाच कामात मिसळणं. प्रत्यक्षात ‘हे की ते’ असं क्वचितच असतं, बरेचदा दोन्ही असतात. एकाच विद्यार्थ्याचा पगार अनुदानातून, रसायनं कंपनीकडून, आणि शोध मात्र एकच. सरकारी पैशाबरोबर सरकारचे काही हक्क चिकटून येतात. ते कंपनीला देऊन टाकण्याचा अधिकार आपल्याला नसतो. कंपनीला सगळे हक्क अनन्य हवे असतील तर काम, वही आणि माणसं पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा. नंतर वेगळी करता येत नाहीत. कंपनीकडून आलेलं आणि आपल्याकडे आधीपासून असलेलं ज्ञान कोणतं, याची यादी करारालाच जोडावी.

देणगी आणि कन्सल्टन्सी

‘कराराची कटकट नको, देणगी म्हणून देतो’ असं कंपनी म्हणते तेव्हा कान टवकारावेत. देणगीला अहवाल नसतो, ठरलेलं काम नसतं, शोधावर हक्क नसतो. यातलं एकही मागितलं जात असेल तर तो करारच आहे, मग पावतीवर काहीही लिहा. खरी देणगी मात्र उत्तम. बंधनं सर्वांत कमी. (तरी संस्थेवर दडपण येऊ शकतं. ऑलिव्हिएरी प्रकरणाच्या काळात टोरंटो विद्यापीठाची ॲपोटेक्सशीच मोठ्या देणगीची बोलणी चालू होती.)

कन्सल्टन्सीत सही प्राध्यापक स्वतः करतो, विद्यापीठ बाजूला असतं. तज्ज्ञ म्हणून मत देणं, कंपनीच्या कारखान्यात जाऊन सल्ला देणं, इथवर ठीक. विद्यापीठाचं उपकरण किंवा विद्यार्थी वापरायचा असेल तर हा मार्ग बंद समजावा. मानधन हितसंबंध म्हणून जाहीरही करावं लागतं. किती रकमेपासून जाहीर करायचं, ही मर्यादा अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य निधीच्या नियमांत 2011मध्ये 10,000 डॉलरवरून 5,000 डॉलरवर आणली गेली. जाहीर केल्याने कोणी दोषी ठरत नाही. लपवलेलं बाहेर आलं की मात्र निष्कर्ष खरा असूनही कोणी विश्वास ठेवत नाही.

मग कोणी काय घ्यावं

पीएचडीचे विद्यार्थी कामाच्या मध्यभागी असतील तर माझं मत अनुदानाकडे झुकतं. प्रबंध सादर करण्यावर आणि त्याच्या तोंडी परीक्षेवर गोपनीयतेचं कलम येऊन बसलं की त्याची किंमत विद्यार्थी मोजतो, आणि मसुद्यावर त्याची सही नसते. प्रबंध कराराच्या मुदतीतून स्पष्ट वगळून मिळत असेल तर गोष्ट वेगळी. प्रश्न कंपनीकडेच असलेल्या नमुन्यांवर, यंत्रांवर किंवा डेटावर अवलंबून असेल तर करारच करावा. अनुदान मिळालं तरी त्या वस्तू मिळणार नाहीत. कंपनीच्याच उत्पादनाची दुसऱ्याशी तुलना असेल आणि प्रकाशनाचं कलम हवं तसं मिळत नसेल तर तो पैसा नाकारावा. घाई असेल, पण काम छोटं आणि नेहमीचं असेल, तर ठरावीक रकमेचा करार करून मोकळं व्हावं.

कंपनीचा करार निवडलात तर करार मध्येच संपवण्याचं कलम शांतपणे वाचा. 30 किंवा 60 दिवसांच्या नोटिशीवर कंपनी बाहेर पडू शकते, हे जवळपास सगळीकडे असतं आणि ते मान्य करावं लागतं. पण तोवर मागवलेल्या साहित्याचे पैसे, आणि घेतलेल्या संशोधन सहायकाचं चालू सत्र संपेपर्यंतचं मानधन, कंपनीने द्यायचं, हे लिहून मागता येतं. बहुतेक कंपन्या ते देतात, मागितलं तर. आणि ‘बोलणी सुरू करण्यापुरतं आहे’ म्हणून मेलवर आलेल्या गोपनीयतेच्या करारावर प्राध्यापकाने परस्पर सही करू नये. विद्यापीठाच्या वतीने सही करायचा अधिकार सहसा कुलसचिवांकडे किंवा संशोधन कक्षाकडे असतो. तो कागद त्यांच्याकडे पाठवा, कंपनी चार दिवस थांबते.