38 लिटरची सॅक : कोलंबियात नऊ आठवडे, खान्देशात पाच महिने

ही सॅक मी डिसेंबर 2024 मध्ये नाशिकच्या एका दुकानातून 6,800 रुपयांना घेतली. जानेवारी ते मार्च 2025 असे नऊ आठवडे ती कोलंबियात माझ्या पाठीवर होती आणि त्यानंतरचे पाच महिने फैजपूर, भुसावळ, जळगाव, मुंबई अशा फेऱ्यांत वापरात आहे. चोरीपासून सुरक्षित असल्याचे सांगून ती मला विकली गेली. इतक्या वापरानंतर माझे मत असे आहे की सुरक्षिततेच्या नावाखाली दिलेल्या तिच्या सोयींपैकी एकच कामाची ठरली, आणि आम्हाला सर्वांत जास्त सांभाळले ते तिच्या लहान आकाराने.

आमच्या घरी तीन पिढ्या केळीची शेती आहे. केळी निर्यात करणारा देश एकदा डोळ्यांनी पाहावा, हे माझ्या मनात फार दिवसांपासून होते. मी आणि माझी मावसबहीण अशा दोघीच जाणार म्हटल्यावर आईने दोन दिवस अबोला धरला. तिची भीती निराधार नव्हती. 1991 मध्ये मेडेयिन शहरात दर लाख लोकांमागे सुमारे 380 खून झाले होते, आणि तिथला कुप्रसिद्ध कोकेन तस्कर पाब्लो एस्कोबार मारला गेला तो 1993 च्या डिसेंबरात. आज त्याच शहरातले हे प्रमाण लाखामागे 20 च्या खाली आहे. 1995 पासून तिथे मेट्रो धावते आणि 2004 पासून डोंगरउतारावरच्या गरीब वस्त्यांना शहराशी जोडणारे रोपवे आहेत. पण संपूर्ण देश सुरक्षित झाला आहे, असे मी कोणालाही सांगणार नाही. सरकार आणि फार्क ही बंडखोर संघटना यांच्यात 2016 चा शांतता करार झाल्यानंतरही काही प्रदेशांत सशस्त्र गट आहेतच. आम्ही राजधानी बोगोटात उतरलो त्याच आठवड्यात व्हेनेझुएलाच्या सीमेलगतच्या कातातुंबो भागात दोन गटांत लढाई पेटली आणि पन्नास हजारांहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. तो भाग, अराउका, काउका आणि पनामाच्या सीमेवरचे दारियेनचे जंगल आमच्या मार्गात आधीपासूनच नव्हते. उराबा हा केळीचा सर्वांत मोठा पट्टाही आम्ही मन घट्ट करून वगळला. कुठे जायचे नाही हे घरी बसून ठरवणे, हा सुरक्षिततेचा मोठा भाग होता, आणि तिथे सॅकचा काहीही संबंध येत नाही.

आता सॅकविषयी. रिकामी असतानाच ती पावणेदोन किलोची आहे, कारण ब्लेडने कापली जाऊ नये म्हणून कापडाच्या आत तारेची जाळी बसवली आहे. नऊ आठवड्यांत तिच्यावर कोणी ब्लेड चालवले नाही, त्यामुळे जाळी चांगली की वाईट हे मी सांगू शकत नाही. तिचे वजन मात्र रोज खांद्यांना जाणवले. चेनची दोन टोके एकमेकांत अडकवून कुलूप लावण्याची सोय दिसायला भक्कम आहे, पण पाण्याची बाटली किंवा स्वेटर काढायला दिवसातून दहा वेळा ते उघडावे लागते, आणि चौथ्या दिवसापासून आम्ही कुलूप लावणे सोडले. खरा उपयोग झाला तो पाठीला टेकणाऱ्या कप्प्याचा. सॅक अंगावर असेपर्यंत तो कप्पा कोणालाही उघडता येत नाही. त्यात पासपोर्टची प्रत, विम्याचे कागद आणि पिवळ्या तापाच्या लसीचे पिवळे कार्ड असे.

त्या कार्डाविषयी थोडे सांगते, कारण आपल्याकडून जाणारे अनेक जण ते शेवटच्या आठवड्यात आठवतात. लस सरकारमान्य अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर ग्राह्य धरले जाते. कोलंबियातून परतताना ते जवळ नसेल, तर आपल्या विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलग ठेवले जाऊ शकते. आम्ही परतल्यावर, एप्रिलमध्ये, त्या देशात पिवळ्या तापामुळे आरोग्य आणीबाणी जाहीर झाली. लुटारूंची भीती बाळगून डासांकडे दुर्लक्ष करू नये.

आकाराबद्दल मी आधी म्हटले, त्याचा अनुभव असा. बोगोटा समुद्रसपाटीपासून 2,640 मीटर उंचीवर आहे. पहिले दोन दिवस जिना चढतानाही धाप लागते आणि माणूस नकळत बेसावध होतो. तिथल्या ट्रान्समिलेनिओ बसमध्ये संध्याकाळी जी गर्दी होते, ती पाहून मला भुसावळ स्थानकावरच्या जनरल डब्याची आठवण झाली. अशा गर्दीत साठ लिटरची सॅक पाठीवर असेल, तर मागे काय चालले आहे हे कळतच नाही. आमची आठ किलोची सॅक आम्ही छातीवर अडकवत असू. तरीही तिसऱ्या दिवशी माझा वरचा छोटा कप्पा कोणीतरी उघडलाच. दरवाजाजवळ उभी होते, बस थांबताना एक हिसका बसला, समोरच्या बाईंचे सामान माझ्या हातावर आले, आणि खाली उतरल्यावर पाहिले तर चेन बोटभर उघडी होती. आत रुमाल आणि खोकल्याच्या गोळ्या होत्या. गोळ्यांचे पाकीट गेले होते. मोबाइल त्या कप्प्यात ठेवायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवले होते म्हणून वाचला.

लांबच्या बसमध्ये तर लहान आकाराची किंमत कळते. सामान बसच्या पोटात दिले की दर थांब्यावर खाली उतरून पाहावे लागते, आणि डोक्यावरच्या फळीवर ठेवले की झोप लागेपर्यंतच ते आपले. ही सॅक पायांशी उभी राहते आणि तिचा पट्टा गुडघ्याभोवती अडकवता येतो. मेडेयिनहून सालेंतोला आम्ही असेच गेलो, तेही दिवसाच्या बसने. रात्रीच्या प्रवासात एका मुक्कामाचे भाडे वाचते हे खरे, पण अंधारात अनोळखी बस स्थानकावर उतरून टॅक्सी शोधावी लागली तर ती बचत महागात पडते. तिकडे प्रवाशाला टॅक्सीत कोंडून एकामागून एक एटीएमवर नेण्याचे प्रकार इतके माहितीतले आहेत की त्यांना ‘लक्षाधीशाची सैर’ अशा अर्थाचे नावच पडले आहे. त्यामुळे रस्त्यावर हात दाखवून टॅक्सी थांबवायची नाही, हॉटेलातून किंवा ॲपवरून बोलवायची, आणि पैसे दिवसा, मॉलच्या आतल्या यंत्रातून काढायचे, हे आम्ही शेवटपर्यंत पाळले.

पैशांसाठी मी सॅकवर मुळीच विसंबून राहिले नाही. माझे आजोबा केळीचे पैसे घेऊन येताना धोतराच्या आत कमरेला कसा, म्हणजे पैसे ठेवायची कापडी पिशवी, बांधत. त्याच मापाचा, दोन पदरी मांजरपाटाचा कसा मी फैजपूरच्या शिंप्याकडून शिवून घेतला. त्यात खरे कार्ड आणि मोठ्या नोटा. खिशात वेगळे पाकीट, त्यात पन्नास हजार पेसो, म्हणजे आपले साधारण हजार रुपये, आणि मुदत संपलेले एक जुने कार्ड. कोणी सुरा दाखवलाच तर वाद न घालता हे पाकीट देऊन टाकायचे, असे ठरले होते. ते देण्याची वेळ आली नाही. बाजारात मिळणारे नायलॉनचे पट्टे घामाने चिकटतात. सुती कसा कार्ताखेनाच्या दमट उकाड्यातही अंगावर असल्याचे जाणवत नव्हते.

तिथल्या लोकांकडून आम्ही पहिल्याच आठवड्यात एक वाक्प्रचार शिकलो, ‘नो दार पापाया’, म्हणजे पपई देऊ नकोस. समोरच्याला आयती संधी देऊ नकोस, असा त्याचा अर्थ. शहाद्याकडची पपई पाहत वाढलेल्या आम्हा दोघींना तो लगेच पटला. रस्त्यात उभे राहून मोबाइलवर नकाशा पाहणे ही पपई, गळ्यातली साखळी ही पपई, खुर्चीच्या पाठीला अडकवलेली सॅक हीसुद्धा पपईच. साखळ्या आम्ही घरीच ठेवल्या होत्या. मोन्सेराते टेकडीवर चालत जाण्याची माझी फार इच्छा होती, पण त्या पायवाटेवर लुटीचे प्रकार घडलेले आहेत हे कळल्यावर आम्ही केबल कारने गेलो आणि केबल कारनेच उतरलो.

ज्या धोक्यावर कुठलीही सॅक उपयोगाची नाही, तो स्कोपोलामाइन या गुंगी आणणाऱ्या द्रव्याचा. बोगोटाच्या बागांमध्ये बोराचेरो नावाचे झाड दिसते, खाली लटकणाऱ्या मोठ्या पांढऱ्या-पिवळ्या कर्ण्यांसारख्या फुलांचे. पाहताक्षणी मला आपल्या बांधावरचा धोतरा आठवला. दोन्ही एकाच कुळातली आहेत आणि हे द्रव्य दोन्हींत असते. पेयात मिसळले की माणसाचे भान आणि विरोध करण्याची शक्ती जाते. 2023 च्या शेवटच्या दोन महिन्यांत मेडेयिनमध्ये आठ अमेरिकन नागरिकांचे संशयास्पद मृत्यू झाले आणि अमेरिकी दूतावासाने डेटिंग ॲपवरून होणाऱ्या भेटींबाबत जाहीर इशारा दिला. धोतऱ्याने काय होते हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. अनोळखी माणसाने दिलेले काहीही प्यायचे नाही आणि उघडा पेला टेबलावर सोडून उठायचे नाही, हा नियम आम्ही एकमेकींवर डोळ्यांत तेल घालून राबवला.

शेवटचे दोन आठवडे सान्ता मार्ताजवळ होतो. तिथल्या केळीपट्ट्यात एका पॅकिंग शेडपर्यंत जाता आले. बागेत बाहेरच्या माणसाला नेत नाहीत. कारण केळीची झाडे मारणाऱ्या पनामा मर या बुरशीजन्य रोगाची टीआर 4 ही जात. अमेरिका खंडात ती पहिल्यांदा ऑगस्ट 2019 मध्ये कोलंबियाच्याच ला ग्वाहिरा भागात सापडली, आणि आपल्या देशात बिहार व उत्तर प्रदेशातही ती पोहोचली आहे. तिची बुरशी मातीत कित्येक वर्षे टिकून राहते. फाटकाशी जंतुनाशकाच्या हौदात पाय बुडवून, त्यांनी दिलेले बूट घालून आम्ही आत गेलो, आणि तारेवर टांगलेल्या घडांची रांग शेडकडे सरकत येताना पाहून मला भरून आले. रावेर-यावल पट्ट्यात घरोघर केळी उभी असताना पायाला लागून एक ढेकूळ जरी आले असते, तरी मी स्वतःला क्षमा केली नसती. म्हणून माझे चालण्याचे बूट मी सान्ता मार्तातच सोडले. सॅकचा तळाचा बुटांचा कप्पा वेगळा असला तरी त्याचे अस्तर उलटे करून बाहेर काढता येत नाही, आणि कोपऱ्यातली माती ब्रशने निघत नाही. हा मला या सॅकमधला गंभीर दोष वाटतो. मी तो कप्पा जंतुनाशकाने तीनदा धुतला आणि घरी आल्यावर ती सॅक महिनाभर मळ्यात नेली नाही.

इतर दोष थोडक्यात. पावसाचे आच्छादन सैल आहे; कोकोरा दरीत, ताडांसारखी उंच मेणपामची झाडे पाहत असताना आलेल्या सरीत ते वाऱ्याने निघाले आणि आतले कपडे भिजले. त्यानंतर सगळे सामान प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून ठेवू लागलो. मे महिन्यात भुसावळच्या उन्हात, पत्र्याच्या खोलीत ठेवल्यावर आतला लेप चिकट होऊन सोलपटू लागला, आणि जूनमध्ये उजव्या पट्ट्याची शिवण उसवली. विक्रेत्याला छायाचित्रे पाठवली. पाच आठवड्यांनी उत्तर आले की ही झीज हमीत बसत नाही. या किमतीला शिवण सहा महिन्यांत उसवावी, हे मला मान्य नाही.

पुन्हा घेताना मी याच आकाराची, जाळी नसलेली आणि पाठीला कप्पा असलेली साधी सॅक घेईन. पट्टा फैजपूरच्या चांभारदादांनी मेणदोऱ्याने दुहेरी टाके घालून साठ रुपयांत शिवून दिला. तेव्हापासून मुंबईच्या तीन फेऱ्या झाल्या, एकही टाका हललेला नाही.