बंगळुरू, पुणे की कोल्हापूर: परत यायचं ठरवताना

कोगनोळीचा टोलनाका आला की मला कुणी न उठवता जाग यायची. रात्री नऊच्या सुमारास बंगळुरूहून सुटलेली गाडी पहाटे निपाणी मागं टाकते, दूधगंगेवरचा पूल ओलांडते आणि कागल येतं. पाट्यांवरचं कन्नड संपतं. कोल्हापुरात कावळा नाक्यावर उतरलो की रिक्षावाला विचारायचा, "कुठं सोडू भावा?" त्या एका वाक्यासाठी मी तेरा वर्षं, दर दीड-दोन महिन्यांनी, ६०० किलोमीटर येत राहिलो.

२००८ साली नोकरीसाठी बंगळुरूला गेलो, २०२१ मध्ये पुण्याला आलो आणि जून २०२३ पासून कोल्हापुरात आहे. तिन्ही ठिकाणी संसार मांडून झालाय, म्हणून ओळखीतले लोक फोन करतात. परत यावं का? यायचंच तर पुण्यात की गावी? मी फोनवर जे सांगतो तेच इथं सविस्तर लिहितोय. तुमचं गाव सांगली असेल, लातूर असेल, रत्नागिरी असेल. रस्ते आणि नद्या बदलतील, बाकी हिशेब बराचसा असाच असेल.

ओढ नेमकी कशाची?

पगार, घरभाडं, शाळा यांच्या आधी हे बघा. "महाराष्ट्र आठवतो" असं आपण म्हणतो, पण आठवतं त्यातलं काहीतरी एकच. कुणाला आई-वडील, कुणाला मराठी कानावर पडणं, कुणाला नुसती जागा: रंकाळ्याचा काठ, शाळेची वाट, पहिल्या पावसात भिजलेली काळी माती. उत्तर वेगळं असेल तर शहरही वेगळं निघतं.

भाषेची ओढ असेल, तर बंगळुरू वाटतं तितकं परकं नाही. आपण मोठ्या भावाला अण्णा आणि बहिणीला अक्का म्हणतो ते शब्द कन्नडातूनच आलेत. आमच्या घरमालकीण दारात भेटल्या की "ऊट आयता?" विचारायच्या, आणि माझी आई फोन उचलताच "जेवलास का?" विचारायची. प्रश्न एकच. उत्तर कर्नाटकी खानावळीत गेलात तर ज्वारीची भाकरी, भरलं वांगं आणि शेंगदाण्याची चटणी समोर येते. नावं तेवढी जोळद रोट्टी, एण्णेगाई आणि शेंगा चटणी. मुलीच्या बाबतीत तर मला बंगळुरूचे आभारच मानायला हवेत. कन्नडात ळ आहे, त्यामुळं तिचा ळ लहानपणापासून पक्का. पुण्यात आमच्या सोसायटीतली मराठी मुलं खेळताना आपसात हिंदी बोलायची आणि कित्येकांच्या तोंडी ‘शाला’, ‘बाला’ असं यायचं. ते ऐकून मला आत कुठंतरी दुखायचं.

ही वाटही नवी नाही. शहाजीराजांचा मुक्काम बंगळुरूला होता, १६६४ साली होदिगेरेला त्यांचं निधन झालं आणि त्यांची समाधी तिथंच, कर्नाटकात आहे. व्यंकोजीराजे तंजावरला गेले ते तिथलेच झाले. तंजावरच्या मराठी घरांत आजही त्यांची म्हणून एक मराठी बोलली जाते. माणूस परत आला नाही तरी भाषा टिकते, पण त्यासाठी घरात रोज बोलावं लागतं. तेव्हा एवढ्या एका कारणासाठी नोकरी सोडू नका. महाराष्ट्र मंडळात जा, घरात मराठी वाचा, मुलांना सुट्टीत गावी ठेवा.

आई-वडिलांची ओढ मात्र अशी भागवता येत नाही.

ऑगस्ट २०१९

कोल्हापुरात पावसाळ्यात एक प्रश्न घरोघरी असतो: पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फूट? ३९ ला इशारा, ४३ ला धोका. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५० च्याही वर गेलं. आई नागाळा पार्कात एकटी होती. शेजारच्या वहिनींनी तिला वेळेत आपल्या माहेरी नेलं, औषधांचा डबा आणि चष्मा आठवणीनं पिशवीत घातला. मी बंगळुरूत. निपाणीजवळ महामार्गावर पाणी, तिकडं शिरोलीलाही पाणी, गाड्या बंद. चार दिवस मी फक्त फोन करत होतो, आणि ती दर वेळी म्हणायची, "मी बरी हाय रे, तू जेव."

नंतर घर धुवायला आलो तेव्हा भिंतीवर माझ्या छातीएवढ्या उंचीवर चिखलाची सरळ रेघ होती. आईनं ती पुसू दिली नव्हती. "तू बघावीस म्हणून ठेवली," म्हणाली. तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. त्या दिवशी मला कळलं की माझी ओढ राज्याची नाही, भाषेचीही नाही.

तरीही यायला चार वर्षं लागली, आणि मधली दोन पुण्यात गेली.

पुणं हा मधला मार्ग आहे का?

बंगळुरूतल्या बहुतेक मराठी लोकांना पुणं हे आपोआप आलेलं उत्तर वाटतं. मलाही वाटलं. काम तसंच, कंपन्या तशाच, पगारात फारसा फरक नाही, नवरा-बायको दोघांनाही नोकरी मिळते, मोठी रुग्णालयं हाताशी. दोघांचं करिअर चालू असेल आणि महाराष्ट्रातच यायचं असेल, तर पुण्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. हे मी मनापासून म्हणतोय.

पण परत आल्याचा आनंद तिथं शोधू नका. हिंजवडीचा रस्ता बंगळुरूतल्या सिल्क बोर्डच्या चौकाइतकाच जीव खातो. संध्याकाळी साडेआठला घरी पोचणारा माणूस मराठी राज्यात असला काय आणि नसला काय, त्याला बालगंधर्वला नाटकाला जाणं होत नाही. दोन वर्षांत आम्ही तीन नाटकं बघितली. नळाला पाणी कमी आलं की टँकर, तो बंगळुरूतही होता. हवेचं म्हणाल तर बंगळुरू सरळ सरस. ते समुद्रसपाटीपासून ९०० मीटरच्या वर आहे, एप्रिलमध्ये हा फरक अंगाला कळतो.

कोल्हापूर पुण्याहून २३० किलोमीटर. कागदावर चार-साडेचार तास. सहापदरीकरणाची कामं, खंबाटकी घाट आणि शुक्रवारची गर्दी धरली तर सहा. म्हणजे रात्री आईला काही झालं तर पहाटेपर्यंत पोचता येतं. हा फरक मोठा आहे, तो मी कमी लेखत नाही. बंगळुरूहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं मिरजेला उतरून पुढं यायचं म्हटलं तरी रात्र आणि सकाळ दोन्ही जातात. पण पुण्यात राहून झालं काय, तर दीड महिन्याऐवजी दर पंधरवड्याला पळापळ. आईजवळ राहणं काही झालं नाही, फक्त प्रवास वाढला.

बेळगावचाही विचार कुणीतरी करून बघावा असं मला वाटतं. काम कर्नाटकातलं आहे आणि गाव कोल्हापूरच्या बाजूला आहे, अशांसाठी. बाजारात मराठी चालते, हवा चांगली, आणि कोल्हापूर दोन-अडीच तासांवर.

कोल्हापूर

इथं नोकरीचा प्रश्न आधी. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलची पंचतारांकित वसाहत हे फाउंड्री आणि इंजिनिअरिंगचं जग आहे, आणि त्या कामातला माणूस इथं उपाशी राहणार नाही. संगणकातलं काम करणाऱ्यांसाठी पर्याय मोजके आहेत आणि पगार बंगळुरूच्या मानानं बराच खाली. मी घरून काम करण्याची परवानगी घेऊन आलो. तुम्हीही तसंच करणार असाल तर ती लेखी घ्या, किती मुदतीची आहे ते लिहून घ्या, आणि ‘उद्या ऑफिसात या’ असं पत्र आलं तर काय करायचं हे येण्याआधी बायको-नवऱ्यानं बसून ठरवा. माझ्या ओळखीतल्या एकावर आठ महिन्यांत परत बंगळुरू गाठायची वेळ आली. मुलाची शाळा एका वर्षात दोनदा बदलली.

घर घेताना पूररेषेचा नकाशा बघितल्याशिवाय विसार देऊ नका. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. इकडं २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर एवढ्यातच येऊन गेले, त्यामुळं त्या ‘शंभर वर्षां’वर विसंबू नका. चौकातल्या पानपट्टीवाल्याला विचारा, २०१९ ला पाणी कुठवर होतं? तो हात करून दाखवतो. आम्ही आईला घेऊन चढावरच्या घरात राहायला गेलो.

आता ज्याबद्दल पुरुष मंडळी फोनवर बोलतच नाहीत ते. माझी बायको अकोल्याची. मी ‘आपण घरी चाललोय’ म्हणत होतो, तेव्हा ती तिच्या घरापासून लांबच राहत होती, वर मैत्रिणी, नोकरीची जागा आणि मनासारखं वागायची मोकळीक मागं टाकत होती. तिनं मला एकदाच विचारलं, "हे तुमचं परत येणं आहे. माझं काय आहे?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. आम्ही निर्णय सहा महिने पुढं ढकलला. तिच्या कामाची सोय लागली, घरात स्वयंपाकाला बाई ठेवायची आणि आईच्या औषधपाण्याचं मी बघायचं हे ठरलं, मगच निघालो. तुमच्या घरात हे बोलणं झालं नसेल तर बाकी तुलना बाजूला ठेवा आणि आधी ते करा.

आणि मिळालं काय? सकाळी दूध घेऊन आलो की आईबरोबर चहा होतो. रोज. ती पेपरातली निधनवार्ता मोठ्यानं वाचते, त्यातला निम्मा गाव तिच्या ओळखीचा असतो. दुपारी मी काम करत असतो आणि ती शेजारच्या खोलीत शेंगा सोलत असते, तो आवाज येत राहतो. याची किंमत पगाराच्या आकड्यात कशी मांडायची मला माहीत नाही, पण कमी झालेला पगार मला एकदाही टोचलेला नाही.

शाळा आणि कागद

निर्णयाची वेळ बहुतेक घरांत मुलांची इयत्ताच ठरवते. मुलगा किंवा मुलगी डॉक्टरकीकडं जाईल असं वाटत असेल, तर महाराष्ट्रातल्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी काही अपवाद सोडता दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात, शिवाय अधिवासाचा दाखला. म्हणजे नववीच्या आधी या. अभियांत्रिकीला आई किंवा वडिलांच्या अधिवासाचा आधार मिळू शकतो, तिथं थोडी सवड आहे. उलट बाजूनं, कर्नाटकात राहायचं ठरवलं तर तिथल्या सीईटीसाठी साधारणपणे राज्यात सात वर्षं शिकलेलं असावं लागतं. मधेच उचलून आणलेलं मूल दोन्हीकडून हुकू शकतं. ज्या वर्षी निघणार त्या वर्षीची प्रवेशाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा.

भाषेचंही तसंच. कर्नाटकात शाळेत कन्नड आहे, आणि महाराष्ट्रात २०२० च्या कायद्यानं सगळ्या मंडळांच्या शाळांत दहावीपर्यंत मराठी. माझ्या मुलीला बोलता अस्खलित येत होतं, हिंदीमुळं अक्षरंही येत होती, पण पाचवीत मराठीचा धडा समोर आला तेव्हा ती रडली. जोडाक्षरं आणि ऱ्हस्व-दीर्घ यांवर एक उन्हाळा गेला. तुम्ही तो उन्हाळा येण्याआधीच घालवा.

गाडी बारा महिन्यांच्या वर दुसऱ्या राज्यात ठेवली तर नवी नोंदणी लागते. आधी जुन्या आरटीओचं ना-हरकत, मग इथला कर, मग तिथल्या उरलेल्या कराचा परतावा. परताव्यासाठी मला दोनदा बंगळुरूला जावं लागलं. गाडी जुनी असेल तर तिथंच विकून या. नवी घेणार असाल आणि कंपनीची कार्यालयं चार किंवा जास्त राज्यांत असतील तर राज्य बदललं तरी चालणारा बीएच (भारत मालिकेचा) क्रमांक घ्या. मतदार यादीला फॉर्म ८. बाकीचे पत्ते बदलणं कंटाळवाणं आहे, अवघड नाही.

मग काय करावं?

आई-वडील सत्तरीच्या पुढं असतील, त्यांच्याजवळ दुसरं कुणी नसेल आणि काम घेऊन येता येत असेल, तर थेट गावी या. पुण्याचा मुक्काम मधे करू नका, माझी दोन वर्षं त्यात गेली. दोघांची करिअर ऐन भरात असतील आणि आई-वडील हिंडते-फिरते असतील, तर बंगळुरूतच राहा, आणि महिन्यातून एक आठवडा गावाहून काम करता येतं का ते बघा. पुणं निवडा ते कामासाठी आणि मुलांच्या शिक्षणासाठी.

ठरवण्याआधी एकदा जुलैत येऊन चार आठवडे राहा, कामासकट. गणपतीतलं आणि दिवाळीतलं गाव सगळ्यांनाच हवंसं वाटतं. जुलैत छत गळतं, वीज जाते, इंटरनेट जातं, काका रोज संध्याकाळी न सांगता येऊन बसतात. तेही आवडलं तर सामान बांधा.

एक गोष्ट मी आधी धरली नव्हती. माझी मुलगी बंगळुरूत जन्मली, दहा वर्षं तिथं वाढली. मी घरी आलो तेव्हा तिचं घर सुटलं. पहिल्या वर्षी ती मोबाईलवर जुन्या मैत्रिणींशी कन्नडात बोलत बसायची आणि आम्ही खोलीत गेलो की गप्प व्हायची. आता दर मे महिन्यात मी तिला पंधरा दिवस तिकडं नेतो, आमच्या जुन्या घरमालकिणींकडं. गेल्या खेपेला कावळा नाक्यावरून रात्री गाडी सुटली, मला डुलकी लागली. कोगनोळी मागं पडल्यावर तिनं मला हलवून उठवलं आणि खिडकीबाहेर बोट दाखवलं. पाट्या कन्नड झाल्या होत्या.