सात महिने ‘सुमो’सोबत: कराडच्या महामार्गाच्या कामावर वाहतुकीचा अंदाज

सुमो म्हणजे इथे गाडी नव्हे. जर्मन एरोस्पेस सेंटरमध्ये तयार झालेलं, २००१ पासून फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे ते. रस्त्यावरचं प्रत्येक वाहन ते सुटं चालवून दाखवतं. पुणे-बेंगळुरू महामार्गाच्या शेंद्रे-कागल सहापदरीकरणात कराडच्या टप्प्यावर लेन कधी बंद करायची, वळण कुठून द्यायचं याचे आराखडे माझ्याकडे आले, तेव्हापासून हे रोज उघडं असतं.

सुरुवात सोपी वाटते. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मोफत नकाशावरून रस्ता उतरवून घेता येतो, वाहतूक डाव्या बाजूने चालते एवढं आठवणीने सांगावं लागतं. पण कामाच्या जागेचा नकाशा कधीच ताजा नसतो. कराडच्या कोल्हापूर नाक्यावरचा पाडलेला उड्डाणपूल माझ्या पहिल्या नकाशात उभाच होता. तेवढा भाग हाताने काढला, आणि वळण बदललं की तो पुन्हा काढतो.

पहिला धडा फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी मिळाला. नाक्याआधी एक लेन बंद केली तर रांग कोयनेच्या पुलावर थांबेल, असं स्क्रीनवर दिसत होतं. मी तसा आराखडा दिला. संध्याकाळी रांग वारुंजी फाट्याच्याही मागे गेली. मी तिथेच उभा होतो. साताऱ्याकडून आलेली एक रुग्णवाहिका सायरन वाजवत त्या रांगेत अडकली होती, आणि मलकापूरचं रुग्णालय पुलापलीकडे अगदी जवळ. त्या रात्री मला झोप लागली नाही.

चूक माझीच होती. सुमोमध्ये एखादं वाहन सलग ३०० सेकंद जागेवर अडकलं की प्रोग्राम ते उचलून पुढे नेऊन ठेवतो. मॉडेल कायमचं ठप्प होऊ नये म्हणून ही सोय आहे आणि दर वेळी तशी सूचनाही येते. मी त्या सूचना वाचल्याच नव्हत्या. खरी कोंडी माझ्या स्क्रीनवर गुपचूप विरत होती. आता ती वेळ उणे १ करून सोय बंद ठेवतो. दुसरं म्हणजे माझा नकाशा पुलाच्या थोडा मागेच संपत होता. आत शिरायला जागा न मिळालेली वाहनं नकाशाबाहेर थांबतात, रांगेत दिसत नाहीत. नकाशा तासवडे टोलनाक्यापर्यंत लांबवला, तेव्हा रांगेची खरी लांबी दिसली.

मूळ मांडणीत वाहनं लेन धरून एकामागे एक चालतात. आपल्याकडे दुचाकी दोन ट्रकांच्या मधून पुढे येते. त्यासाठी लेन रुंदीत अरुंद पट्ट्यांत विभागायची सोय आहे, मी ०.८ मीटर रुंदीचे पट्टे घेतले. हिशेब बराच मंदावतो, पण बॅरिकेडच्या तोंडाशी होणारी दाटी त्याशिवाय दिसतच नाही.

उसाचा ट्रॅक्टर मात्र कुठल्याच तयार यादीत नाही. दोन ट्रॉल्या जोडलेला, वर उसाचा डोंगर, थांबला की पुन्हा वेग धरायला लागणारा वेळ बघत राहावा असा. मलकापूरपुढच्या नांदलापूरला उभं राहून मोबाईलवर चित्रण केलं, सेकंद मोजले आणि त्याचं वेगळं वाहन तयार केलं. अमेरिकेच्या हायवे कपॅसिटी मॅन्युअलच्या २००० च्या आवृत्तीत, थोड्या दिवसांच्या कामाजवळ चालू लेनमागे तासाला १,६०० मोटारी धरल्या आहेत. हंगामात इथे तो आकडा धरलात तर फसाल. ट्रॅक्टर संख्येने थोडे असतात, पण लेन मिटते तिथे एक जरी थांबून निघाला तरी त्याच्यापुढे रस्ता मोकळा पडतो आणि मागे सगळे खोळंबतात.

आणखी एक, नवीन माणसाला हमखास चकवणारं. वाहनांच्या वागण्यातला योगायोग प्रोग्राम ज्या सुरुवातीच्या आकड्यावरून ठरवतो, तो म्हणजे सीड. तो बदलला नाही तर प्रोग्राम दर वेळी तंतोतंत तेच उत्तर देतो आणि आपल्याला वाटतं अंदाज पक्का आहे. मी दहा वेगवेगळे सीड चालवतो आणि सगळ्यात वाईट रांग धरून आराखडा करतो.

इतकं करूनही मलकापुरात मॉडेलची रांग खऱ्या रांगेपेक्षा छोटीच येत होती. एकदा तिथल्या वाहतूक हवालदारांना स्क्रीन दाखवली. त्यांनी क्षणभर पाहिलं आणि विचारलं, “साहेब, ढेबेवाडी फाट्याचं वडाप कुठाय ह्यात?” सर्व्हिस रोडच्या डाव्या कडेला प्रवासी घ्यायला थांबणाऱ्या त्या गाड्या मी धरल्याच नव्हत्या. त्यांचे थांबे घातले आणि रांग जवळजवळ जुळली. आता प्रत्येक नवा आराखडा आधी त्यांना दाखवतो.

विकत घ्यायची पॅकेजेस दिसायला याहून देखणी असतात, पण त्यांनाही वडाप आपणच सांगावं लागणार. रांग नेमकी किती मीटर होईल, यासाठी मी सुमोवर आजही विसंबत नाही. दोन पर्यायांत कमी वाईट कोणता, हे मात्र ते चांगलं सांगतं. लेन रात्री दहाला बंद करावी की अकराला, हे आम्ही त्यावरच ठरवलं. रुग्णवाहिकेसाठी सर्व्हिस रोडवर एक पट्टी कायम मोकळी ठेवायची, हेही त्यातूनच पटवून देता आलं. ती पट्टी आज मोकळी आहे, सकाळी जाऊन पाहिली.

पावसाने पडलेले खड्डे अजून नीट बसवता आलेले नाहीत. सध्या त्या तुकड्यांवर वेग कमी धरून भागवतोय. कारखान्यांचे बॉयलर पेटले की पुन्हा नांदलापूरला मोजणीला उभं राहायचंय.