ग्रादुआले त्रिप्लेक्स: गायनप्रमुखाने जवळ ठेवावंच असं पुस्तक

मिस्सासाठी, म्हणजे कॅथलिक चर्चच्या मुख्य उपासनेसाठी, ग्रेगोरियन गायन (चर्चचं जुनं, एकसुरी लॅटिन गायन) बसवताना मी 'ग्रादुआले त्रिप्लेक्स' हेच गीतांचं पुस्तक वापरते. फ्रान्समधल्या सोलेमच्या बेनेडिक्टाइन संन्याशांच्या मठाने ते १९७९ मध्ये काढलं. मधे चार रेघांवर नेहमीचे चौकोनी स्वर, त्यांच्या वर काळ्या शाईत फ्रान्समधल्या लाआं इथल्या हस्तलिखितातली जुनी गायनचिन्हं आणि खाली लाल शाईत स्वित्झर्लंडमधल्या सेंट गालेन मठाच्या परंपरेतली. मूळ चिन्हं साधारण हजार वर्षांपूर्वीची. मारी-क्लेर बिल्कॉक आणि रूपर्ट फिशर यांनी ती हाताने उतरवली आहेत.

चौकोनावरून सूर कुठला ते समजतं. तो रेंगाळवायचा की झटकन सोडायचा, हे कळतं जुन्या चिन्हांवरून. लाल ओळीत 'सी' हे अक्षर दिसलं की चपळ जायचं, 'टी' दिसलं की धरायचं. नाताळच्या दिवसाच्या मिस्साचं प्रवेशगीत 'पुएर नातुस एस्त' ('बालक जन्मलं आहे') घ्या. पहिल्याच शब्दात सूर सा वरून थेट पंचमावर झेपावतो. नुसते चौकोन वाचणारा वृंद पुढचे सगळे स्वर एकाच वजनाने म्हणतो, आणि बालक जन्मल्याची वार्ता हरवते. चिन्हं बघून म्हटलं की लॅटिन शब्द ठसठशीत येतात, स्वर त्यांच्यामागून चालतात. उपासनेत गायन प्रार्थनेसाठी असतं, म्हणून मला हे फार मोलाचं वाटतं.

उणिवा आहेत. चौकोनांवर सोलेमने पूर्वी लय दाखवायला दिलेले ठिपके आणि आडव्या रेघा तशाच ठेवल्या आहेत, आणि त्या कधीकधी जुन्या चिन्हांशी जुळत नाहीत. अशा वेळी मी हस्तलिखिताचं ऐकते. कम्युनियनच्या (पवित्र भाकर घेतानाच्या) गीताखाली बायबलमधल्या स्तोत्राच्या ओळींचे फक्त आकडे आहेत. त्या ओळी चालीवर बसवून वेगळ्या लिहून घ्याव्या लागतात. लॅटिनचं भाषांतरही नाही. शिवाय जाणकाराकडून शिकल्याशिवाय ही चिन्हं उलगडत नाहीत.

नवशिक्या वृंदाने इथून सुरुवात करू नये. लहान चर्चसाठी सोप्या चालींचं 'ग्रादुआले सिम्प्लेक्स' १९६७ मध्ये निघालं, ते आधी गा. ज्यांना चौकोनी स्वर सराईतपणे वाचता येतात, त्यांच्यातही सगळ्यांना त्रिप्लेक्स लागत नाही. १९७४ च्या 'ग्रादुआले रोमानुम'मध्ये हीच गीतं नुसत्या चौकोनी स्वरांत आहेत, आणि पृष्ठक्रमांकही हेच आहेत. गायकांच्या हाती ते द्या, त्रिप्लेक्स गायनप्रमुखाकडे असू द्या. सरावात पान सांगताना गोंधळ होत नाही.