प्रवासात तिथले पक्षीनिरीक्षक शोधायला ई-बर्ड: काही महिन्यांचा अनुभव

२००२ साली सुरू झालेलं ई-बर्ड हे संकेतस्थळ आणि ॲप बहुतेक जण पाहिलेल्या पक्ष्यांच्या नोंदी ठेवायला वापरतात. मी गेले काही महिने ते नव्या ठिकाणचे पक्षीनिरीक्षक शोधायला वापरतेय, आणि यासाठी मला तरी त्याहून चांगलं काही सापडलेलं नाही.

निघण्याआधी त्या भागातले हॉटस्पॉट, म्हणजे पक्षी बघण्याच्या सार्वजनिक जागा, उघडायचे आणि तिथल्या अलीकडच्या चेकलिस्ट, म्हणजे एकेका फेरीत दिसलेल्या पक्ष्यांच्या याद्या, वाचायच्या. एकच नाव त्याच पाणवठ्यावर, सकाळच्या त्याच वेळेला पुन्हा पुन्हा दिसलं की समजावं, हा माणूस इथला. नोंदींखालचे शेरे तर नक्की वाचा. 'पिलांना भरवत होती' असं लिहिणारा तिथे थांबून बघतो. लांबलचक यादीपेक्षा मला असा एक शेरा मोलाचा वाटतो.

ई-बर्डवर एकमेकांना निरोप पाठवता येत नाही, काही जण नावही दाखवत नाहीत. ते रास्तच आहे. मग त्या जागी त्या वेळेला जावं. गळ्यात दुर्बीण असली की बोलणं आपोआप सुरू होतं. एकट्याने फिरत असाल तर आधी स्थानिक पक्षीमित्रांची सर्वांसाठी खुली फेरी शोधा. मे महिन्यातल्या ग्लोबल बिग डेच्या (जगभर एकाच दिवशी पक्षी नोंदवण्याचा ई-बर्डचा उपक्रम) सुमारास अशा फेऱ्या सापडण्याची शक्यता जास्त. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर मात्र लोकांना थेट लिहिता येतं: कधी येतेय, किती वेळ आहे, काय बघायचंय, एवढंच लिहावं. समोरचा व्यवसायाने गाइड असेल तर पैसे आधीच विचारावेत. ओळखीच्या नावाखाली कुणाची सकाळ फुकट मागू नये.

घुबडाचं घरटं कुठे आहे, हे पहिल्या भेटीत विचारू नका. ई-बर्डसुद्धा संवेदनशील जातींची नेमकी जागा लपवतं. प्लेबॅकही, म्हणजे पक्ष्याला बोलवायला त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज, तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय लावू नये.

मर्लिन ॲप आवाजावरून पक्ष्याचं नाव सुचवतं. पण सोबतची व्यक्ती म्हणते, "हा धोक्याचा आवाज आहे, वर बघ," आणि खरंच डोक्यावरून ससाणा जातो. यासाठीच मी माणसं शोधते.

फेरी संपली की एकाने भरलेली चेकलिस्ट बाकीच्यांना शेअर करता येते. आपण न पाहिलेले पक्षी आपल्या प्रतीतून काढून टाकावेत, फोटो तिथेच जोडावेत. माझ्या कितीतरी ओळखी अशा सामायिक चेकलिस्टमुळेच पुढे टिकल्या आहेत.