फायर लुकआउटचं व्हॉलंटियरिंग, जायच्या आधी एवढं वाचा

अमेरिकेत कॅस्केड पर्वतात एका टॉवरवर व्हॉलंटियर म्हणून राहून आले, वणवा लागतोय का यावर नजर ठेवायचं काम. डोंगरमाथ्यावर फुकट राहायचं, व्ह्यू बघायचा, पुस्तकं वाचायची असं मनात असेल तर प्लीज जाऊ नका, दिवसभर दर थोड्या वेळानं दुर्बीण घेऊन एकेक दरी, एकेक धार चाळावी लागते आणि संध्याकाळी डोळे अक्षरशः दुखतात.

खोली १४ बाय १४ फूट, चारी बाजूंना काचा, आणि मधोमध ऑस्बर्न फायर फाइंडर, म्हणजे धूर नेमका कुठल्या दिशेला आहे ते मोजायचं साधन. तिकडच्या वनखात्यातल्याच विल्यम ऑस्बर्ननं १९११ साली बनवलेलं यंत्र, मला तर त्याचं वेडच लागलं. गोल नकाशा, नकाशाच्या मध्यावर आपला टॉवर, भोवती फिरणारी कडी. एका बाजूच्या फटीतून बघायचं आणि समोरच्या चौकटीत ताणलेला घोड्याचा केस धुराच्या बुडाशी आणायचा. बुडाशीच हं, वरच्या लोटावर नाही, तो वाऱ्यानं सरकलेला असतो. मग अंश वाचून रेडिओवर सांगायचे, दुसऱ्या टॉवरलाही तोच धूर दिसला तर दोन रेषा छेदतात तिथे आग. बॅटरी लागत नाही की सिग्नल लागत नाही.

वादळात पायांना काचेचे इन्सुलेटर लावलेल्या स्टुलावर बसायचं आणि वीज कुठे पडली ते लिहीत जायचं. ती यादी फार जपा, कारण झाडाच्या आत आग कित्येक दिवस धुमसत राहते आणि मग एका दुपारी ऊन चढलं, वारा सुटला की वर येते.

तक्रार एकच, ट्रेनिंग. अर्धा दिवस, त्यातला निम्मा फॉर्म आणि रेडिओच्या नियमांत गेला, फायर फाइंडर जेमतेम दहा मिनिटं दाखवलं. पावसानंतर दरीतून धुक्याचे पुंजके उठतात ते हुबेहूब धुरासारखे दिसतात, हे कुणी सांगितलंच नव्हतं. पहिल्या पुंजक्याकडे मी वीस मिनिटं हातात रेडिओ धरून बघत होते, छातीत नुसती धडधड. तो विरला. मग टॉवरवरच्या जुन्या वहीत कुणीतरी लिहिलेलं सापडलं, की धुकं जागा सोडतं, धूर त्याच जागेवरून परत परत येतो. हे पहिल्याच दिवशी शिकवायला हवं, चुकीच्या कॉलवर माणसं डोंगर चढून येतात हो.

पाचपैकी चार स्टार, कापलेला एक ट्रेनिंगचा. पुढच्या उन्हाळ्यासाठी त्याच टॉवरला नाव दिलंय.