पॅड नवे, नटावरचा चिखल जुना

बिल 7,660 रुपयांचं. गाडी पंचवीस वर्षांची, मागे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. नाशिकमधल्या एका गॅरेजला दुपारी दीडला दिली, साडेतीनला धुऊन-पुसून परत मिळाली. तक्रारी दोनच होत्या: स्पीड ब्रेकरवर मागून कर्रकर्र आवाज, आणि रिव्हर्स टाकला की एक 'ठक्'. गाडी ताब्यात मिळाली तेव्हा आवाज खरंच बंद होता. पंधरा दिवसांत कर्रकर्र परत आली आणि 'ठक्' आधीपेक्षा मोठा झाला. मग गाडी दुसरीकडे पिटवर घेतली आणि हातात बिल धरून एकेक ओळ खालून तपासली.

गॅरेजचं नाव इथे देत नाही. गाडीचंही देत नाही, कारण ॲम्बॅसेडर, पद्मिनी, ओम्नी, क्वालिस, बोलेरो अशा मागे पाटे असलेल्या कुठल्याही गाडीवर हेच करता येतं.

आधी शब्दांचा घोळ. गॅरेजमध्ये ग्राहकाला सगळंच 'रबर' म्हणून सांगतात आणि खरी लबाडी तिथूनच सुरू होते. पाट्याला तीन वेगळ्या जागी रबर किंवा नायलॉन असतं. पाट्याच्या डोळ्यात (टोकाच्या वळवलेल्या गोल भोकात) आणि शॅकलमध्ये (पाट्याचं टोक गाडीला टांगणाऱ्या कडीत) बुश, म्हणजे नळकांड्यासारखं अस्तर. एकावर एक बसलेल्या पाट्यांच्या टोकाला, दोन पाट्यांच्या मध्ये, छोटे पॅड. यांना खाली गुंडीसारखा उंचवटा असतो आणि तो पाट्याच्या भोकात बसतो. तिसरे बैठकीचे पॅड, म्हणजे एक्सलची बैठक आणि पाटा यांच्या मध्ये दाबून बसलेले, मधोमध सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे एकत्र धरणाऱ्या मधल्या बोल्टच्या) डोक्यासाठी भोक असलेले. कर्रकर्र बहुतेक वेळा टोकाच्या पॅडमुळे येते: पॅड झिजून संपला की लोखंडावर लोखंड घासतं. क्लच सोडताना किंवा रिव्हर्सला होणारा 'ठक्' बैठकीच्या पॅडमुळे किंवा ढिल्या यू-बोल्टमुळे (पाटा एक्सलला आवळून धरणारा यू आकाराचा बोल्ट) येऊ शकतो. बुश गेले तरी असाच आवाज येतो, म्हणून आधी पहारीने पाटा हलवून बघायचा आणि मगच पार्ट आणायचा.

आता बिल.

'टोकाचे पॅड 12 नग, 960 रुपये.' या गाडीच्या प्रत्येक बाजूला पाच पाटे, आणि पॅडसाठी भोकं फक्त दोन पाट्यांना, दोन्ही टोकांना. म्हणजे एका बाजूला चार, गाडीला आठ. बाराव्या नगाला बसायला जागाच नाही! पहिला शहाणपणा हाच: गाडी देण्याआधी खाली वाकून पाटे मोजा, भोकं मोजा. टोकांवर जुनेच पॅड होते, दोन ठिकाणी तर तेही नव्हते. आवाज बंद कसा झाला होता? पाट्यांच्या फटीत जळकं इंजिन ऑइल मारलं होतं. तेलाने लोखंडाची घासण काही दिवस गप्प बसते. मग त्याच तेलावर धूळ चिकटते, तिची काळी पेस्ट होते आणि ती पाटा कानसासारखी खात राहते. रबराचे पॅड असतील तर खनिज तेलाने रबर फुगतं आणि भुसभुशीत होतं. म्हणून काम झाल्यावर पाटे ओलसर, काळे, चकचकीत दिसले तर खूश होऊ नका. खऱ्या कामानंतर पाटे कोरडे असतात. फार तर वायर ब्रशने घासल्याच्या खुणा आणि रंगाचा एक हात.

'बैठकीचे पॅड 4 नग, 1,600' आणि 'यू-बोल्ट 4 नग, 1,400.' या दोन ओळी एकत्रच वाचायच्या, कारण बैठकीचा पॅड बदलायचा तर यू-बोल्ट सोडावेच लागतात. दुसरा रस्ता नाही. एका बाजूला दोन यू-बोल्ट, चार नट. गाडीला आठ नट. उजव्या बाजूच्या चारही नटांच्या खोबणीत जुना वाळलेला चिखल आणि गंज जसाच्या तसा होता. नटावर पाना बसला की कोपऱ्यांवर चकाकी येते, खालच्या प्लेटवर वॉशर फिरल्याची गोल खूण उमटते. तिथे काहीच नव्हतं. फुकट वॉशिंगचं गूढ इथे उलगडतं. पाण्याच्या झोताने वरचा चिखल जातो आणि सगळंच नवं वाटतं, पण आट्यांच्या मुळाशी बसलेला गंज झोताने निघत नाही. वाकून टॉर्च मारला की दिसतो.

डावी बाजू मात्र उघडली होती, कारण गाडीच्या मालकाला तीच दाखवली होती. तिथे बसवलेला पॅड म्हणजे कन्व्हेयर बेल्टचा कापलेला तुकडा. कडेला कापडाचे थर स्पष्ट दिसत होते. साच्यातून आलेल्या पॅडची कड गुळगुळीत असते, सेंटर बोल्टच्या भोकाला आकार असतो, बऱ्याचदा बाजूला ओठही असतो. इथे भोक पोगराने पाडलेलं. जाडी 12 मिलिमीटर. उजवीकडचा जुना, दबलेला पॅड 7 मिलिमीटर.

पाच मिलिमीटरने काय होतं, असं वाटू शकतं. बघा. ब्रेकचा आणि इंजिनचा जोर एक्सलकडून पाट्याकडे जातो तो यू-बोल्टने आवळलेल्या पकडीतून. सेंटर बोल्ट फक्त जागा दाखवणारी खुंटी आहे, ओझं वाहणारा बोल्ट नाही. बेल्टचा मऊ, जाड तुकडा दाबाखाली काही दिवसांत बसतो. तो बसला की यू-बोल्ट ढिले पडतात आणि सगळा जोर सेंटर बोल्टच्या मानेवर येतो. या गाडीत मान अजून तुटली नव्हती, पण भोक लांबट झालं होतं आणि डावं चाक मडगार्डमध्ये जवळजवळ एक सेंटिमीटर मागे सरकलं होतं. कसारा घाट उतरताना ती मान तुटली असती तर एक्सल एका बाजूने फिरला असता. शिवाय जाडी दोन्हीकडे वेगळी असली की गाडी कलते. पाटा एक्सलच्या वर असेल तर जाड पॅडने ती बाजू उचलली जाते. पाटा एक्सलच्या खाली असेल तर उलट, ती बाजू खाली बसते. म्हणून सपाट जागेवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना, कामाआधी आणि कामानंतर, टेपने मोजून फोटो काढून ठेवा. काही गाड्यांचे पॅड उतरते असतात. ते उलटे बसले तर पिनियनचा (एक्सलमधल्या पुढच्या दात्याच्या चाकाचा) कोन बदलतो आणि प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनचा जोर मागच्या एक्सलकडे नेणारा दांडा, वेगात थरथरायला लागतो.

यू-बोल्ट 'नवे' म्हणून लावलेले जुनेच होते, काळा रंग मारलेले. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तशी पकड देत नाही. पॅडबरोबर यू-बोल्ट आणि नट नवेच घ्यायचे. जुन्या गाड्यांचे आटे इंची असू शकतात. त्यावर जवळच्या मापाचा मिलिमीटरचा नट फिरतो, पण अर्धेच आटे धरतात आणि आवळताना तेही जातात. नट हाताने शेवटपर्यंत सहज फिरला पाहिजे, पण डगमगता नाही.

बुशचे 1,200 रुपये: बदललेच नव्हते. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

मजुरी 2,500. दोन्ही बाजूंचं खरं काम दोन तासांत, तेही वॉशिंग धरून, होत नाही. इगतपुरी-त्र्यंबककडचा पावसाळी चिखल खाल्लेल्या गाडीचे नट आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवावे लागतात. पुढच्या चाकांना ठोकळे. बॉडी पाट्याच्या पुढच्या हँगरजवळ (पाटा बॉडीला जोडला जातो तिथे) घोडीवर, म्हणजे स्टँडवर, एक्सलखाली वेगळा जॅक. एका वेळी एकच बाजू सोडायची, म्हणजे एक्सल जागा सोडत नाही. शॉक ॲब्सॉर्बरचं खालचं टोक काढायचं, ब्रेकच्या रबरी नळीवर ताण येत नाही ना ते बघत जॅक थोडा उतरवायचा, बैठक वायर ब्रशने लोखंड दिसेपर्यंत साफ करायची, पॅड बसवायचे. रबर सरकत नसेल तर साबणाचं पाणी, ग्रीस नाही. टोकाच्या पॅडसाठी पाट्यांच्या क्लिपा उघडायच्या, सेंटर बोल्टजवळ जी-क्लॅम्प आवळून ठेवायचा आणि टोक पहारीने उचलायचं. क्लॅम्प न लावता सेंटर बोल्ट सोडला तर पाटे उसळतात. यात बोटं गेलेली आहेत. यू-बोल्टचे चार नट फुलीच्या क्रमाने, थोडेथोडे, चारही टोकांना सारखे आटे बाहेर राहतील असे आवळायचे. शेवटची आवळणी, बुशच्या बोल्टचीही, चाकं जमिनीवर आणि गाडीचं वजन पाट्यावर आल्यावर, टॉर्क रेंचने, त्या गाडीच्या मॅन्युअलच्या आकड्याप्रमाणे. चाकं लटकलेली असताना बुश आवळला तर तो कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. शे-दोनशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा तपासायला बोलावत नसेल तर त्या मिस्त्रीला काम येत नाही किंवा करायचं नाही.

याच प्रकारातली एक महाग युक्ती या गाडीवर झाली नाही, पण होते: "मेन पाटा क्रॅक आहे, पूर्ण सेट टाका." पाट्यावर ओरखडा किंवा काळी रेघ दाखवतात. तिथेच पाटा पुसायला सांगा, रॉकेल लावा, पाच-दहा मिनिटांनी कोरडा पुसून वर पांढरा खडू घासा. खरी चीर असेल तर आतलं रॉकेल खडूवर रेघ उमटवतं. ओरखडा असेल तर खडू पांढराच राहतो.

गाडी देण्याआधी आठही नटांवर आणि प्लेटवर मिळून रंगाची एक आडवी रेघ मारा, फोटो काढा. नट उघडला तर रेघ जुळत नाही. जुने पार्ट परत हवेत हे काम सुरू होण्याआधी सांगा आणि जॉब कार्डवर लिहून घ्या. नंतर मागितले की "भंगारवाला घेऊन गेला" हे ठरलेलं उत्तर. नव्या पार्टचा डबा, त्यावरचा पार्ट नंबर आणि बिलावरचा नंबर एकच आहे का बघा. वरच्या बिलावर 'जीएसटीसह' लिहिलं होतं, पण जीएसटी क्रमांक नव्हता. तो 15 अक्षर-अंकांचा असतो, महाराष्ट्रात 27 ने सुरू होतो आणि जीएसटीच्या पोर्टलवर कुणालाही तपासता येतो.

फसल्यावर लगेच दुसऱ्या गॅरेजकडून दुरुस्ती करून घेऊ नका. आधी नटांचे, पॅडच्या कडेचे, मोजपट्टी धरून जाडीचे फोटो काढा आणि दुसऱ्या मिस्त्रीकडून काय दिसलं ते सहीनिशी लिहून घ्या. मग आधीच्या गॅरेजला लेखी पत्र. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते. पुढे जायचं तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला तिथे फी नाही. या प्रकरणात आठ नटांचे फोटो समोर ठेवल्यावर गॅरेजवाल्याने मजुरी आणि बुशचे पैसे परत केले. पॅडच्या 1,600 वर मात्र तो अडून बसला: "डावीकडे घातलाय ना एक!" तो बेल्टचा तुकडा पत्रासोबत पिशवीत जपून ठेवलेला आहे.